गनीभाईंचं नाक

पाथर्डीच्या एसटी स्टँडमागे गनीभाईंचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजातलं सगळ्यात भारी हत्यार म्हणजे गनीभाईंचं नाक. पेट्रोल कुठून गळतंय हे शोधायला बाकीचे मेकॅनिक गाडीखाली पुठ्ठे अंथरतात, सांध्यांवर पावडर मारतात. गनीभाई गाडीभोवती एक फेरी मारतात, दोनदा हुंगतात आणि सांगून मोकळे होतात. पस्तीस वर्षं हे असंच चाललंय. पावडर मारणाऱ्यांविषयी ते जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून जीपवाला मच्छिंद्र ती बातमी घेऊन आला तेव्हा गनीभाईंच्या हातातला पाना खाली पडला.

"दानीएल सर टपरीवर म्हनत हुते, गनीभाईंचं नाक गेलं आता. आठ दिवसांमागं पाईप बदलला, अन् गाडी परत गळायला लागली. जुनाच पाईप पुसून बसवला आसंल, आसंबी कुनीतरी म्हनलं."

"कुनीतरी म्हंजी कोन?"

"सरच."

गनीभाईंनी पिशवीत पाने टाकले, नव्या पाईपचा तुकडा टाकला आणि मोटारसायकलला अशी किक मारली की जणू ती दानीएल सरांनाच बसायची होती. जुना पाईप! पुसून! ज्या माणसानं तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांच्या टाक्या धुतल्या, त्याच्यावर हा आळ! आणि आळ घेणारा कोण, तर निवृत्तीनंतर दर रविवारी अर्धा किलोमीटरवरच्या चर्चला जायला गाडी काढणारा आणि तेवढ्यात तीनदा हॉर्न वाजवणारा गणिताचा मास्तर!

पण संतापाच्या खाली दुसरंच काहीतरी ठुसठुसत होतं. मध्यंतरी आलेल्या तापाच्या साथीत गनीभाईंचं नाक खरंच गेलं होतं. चार महिने. गिऱ्हाइकांसमोर ते खोटं खोटं हुंगायचे आणि पाठ फिरली की गुपचूप पावडर मारायचे. हे एका मेहताबभाभींनाच, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. मग नाक परत आलं, पण आधी वेड्यासारखं आलं. चहाला जळक्या रबराचा वास, अत्तराला रॉकेलचा. हळूहळू सुधारलं. तरी अजून सकाळी उठल्यावर ते पेट्रोलचा बोळा नाकाशी धरून खात्री करतात. आता नाकच खोटं ठरलं, तर गॅरेजात उरलं काय? पाने तर सगळ्यांकडेच असतात.

सर अंगणातच होते. गाडी लिंबाच्या झाडापलीकडे भर उन्हात उभी होती.

"या गनीभाई. मी तुम्हाला फोन करणारच होतो."

"टपरीवर सांगून झाल्यावर व्हय?"

सर किंचित गोरेमोरे झाले, पण मास्तरच ते. "मी एक सुचवू का? खडूची पूड लावून बघा. जिथं ओलं होईल तिथं पूड काळी पडते. घरात अजून दोन डबे खडू आहेत."

"खडू तुमच्या फळ्याला लावा, सर." गनीभाईंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "अन् बाजूला उभे ऱ्हा. तुमच्या अंगाला पावडरचा वास येतोय."

त्यांनी फेरी मारली. मागच्या चाकापाशी पेट्रोलचा वास आला, ठीक. मग डिकीपाशी वाकून त्यांनी खोल श्वास घेतला.

हिंग.

पेट्रोलमध्ये हिंग! त्यांनी पुन्हा हुंगलं. हिंगच, आणि वर मिरी. म्हणजे नाक पुन्हा फिरलं. आज पेट्रोलला हिंगाचा वास, उद्या डिझेलला गुलाबाचा. सर बघत होते. आता खडू मागावा लागणार होता, तोही सरांकडे.

खडू मागण्यापेक्षा मरण बरं, असं ठरवून त्यांनी डिकी उघडली.

आत सरांची शाल अंथरलेली होती, आणि शालीवर ओळीनं, जणू प्रार्थनेला बसलेत असे, उडदाचे पापड वाळत होते.

गनीभाईंचं नाक शाबूत होतं. त्यांना इतका आनंद झाला होता की रागवायला जरा वेळ लागला. मग मात्र ते रागावले.

"भाभी!"

सरांच्या पत्नी दयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हे काय हाय?"

"पापड. बाहेर धूळ बसते, चिमण्या चोच मारतात. काचा बंद केल्या की आत कशी भट्टी होते. दोन दिवसांत कडक."

"गाडी हाय का गच्ची? आठ दिवसांमागं म्या आलो तवा पन हुते का पापड?"

"तेव्हा तुम्ही येणार म्हणून काढून ठेवले होते. डिकी झाडून घेतली, चांगलं दिसत नाही म्हणून."

गनीभाईंनी मागचं सीट उचललं. टाकीवरून जाणारा रबरी पाईप कडेनं कुरतडलेला होता, आणि शेजारी पत्र्याला वायरीसाठी पाडलेल्या भोकापाशी उंदराच्या लेंड्या आणि पापडाचा चुरा पडला होता.

"बघा सर. उंदीर तुमच्या डिकीत जेवतो, अन् माझ्या पाईपला दात घासतो. अन् नाव कुनाचं खराब? गनीचं."

त्यांनी बॅटरीची तार काढली, नवा पाईप बसवून क्लिपा आवळल्या, भोकावर जाळी ठोकली, सांडलेलं पुसलं, तार जोडली. मग गाडी चालू केली. सरांनी तेवढ्यात खडूची पूड आणून सांध्यावर भुरभुरलीच. राहवलं नाही त्यांना. दहा मिनिटं इंजिन चाललं. पूड पांढरी ती पांढरीच राहिली.

"टपरीवर सांगतो मी," सर म्हणाले.

"त्याच टपरीवर. अन् मोठ्यानं. हॉर्न वाजवता तसं."

दयाबाईंनी तळलेले पापड आणले. गनीभाईंनी चार खाल्ले, आणि प्रत्येक घासाला गाडी ही काय वस्तू असते हे दोघांना ऐकवलं.

निघताना पिशवी आवरताना आठ दिवसांपूर्वी काढलेला पाईपचा तुकडा तळाशी हाताला लागला. तेव्हा तो 'वयानं फाटला' असं ते ठामपणे म्हणाले होते, न बघताच. आता बघितला. तशीच बारीक दातांची नक्षी.

सर गाडीवरची पूड पुसत होते. गनीभाईंनी तो तुकडा शर्टाच्या आतल्या खिशात सरकवला, जाता जाता आणखी एक पापड उचलला आणि गाडीत उंदीर पोसणाऱ्या लोकांच्या नावानं बोटं मोडत मोटारसायकलला किक मारली.