सातच्या जागी सहा

या सदरात लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना पांढरी साडी दिसते आणि उरलेल्यांना पैंजण ऐकू येतात. माझ्या नशिबात तेवढंही नव्हतं. छप्पन साली आमच्या आजोबांनी घरातले देव वैनगंगेत सोडले, तेव्हा भूतंही त्यांच्याच मागे गेली असं वडील सांगायचे. त्यामुळे ‘मी असलं काही मानत नाही’ हे म्हणायची आमच्या घरात रीतच आहे. मला जे दिसलं ते फक्त एक भोक होतं. जाड कागदाच्या कार्डाला पडलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं... आणि जिथं पडायला हवं होतं त्याच्या बरोबर एक घर वर.

हसू नका. आधी जागा सांगतो.

भंडाऱ्याहून तुमसरकडे निघालं की रस्त्याला लागून एक मोठा कारखाना होता. नाव लिहीत नाही, कारण तिथले दोन साहेब अजून हयात आहेत आणि दोघांनाही माझा पत्ता ठाऊक आहे. पोलादाचे अवजड भाग ओतायचे तिथे — चिखल्यासारख्या खाणींवर दगड फोडायची यंत्रं असतात, त्यांचे जबडे वगैरे. या कारखान्यात कॉम्प्युटर होता. खोलीभर पसरलेला, आणि अख्ख्या कारखान्यात एअर कंडिशनर फक्त त्यालाच. मी तिथे पंच ऑपरेटर. म्हणजे रजिस्टरमधला मजकूर बघून टाइपरायटरसारख्या मशीनवर कार्डाला भोकं पाडायची. कॉम्प्युटर ती भोकं वाचायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी हजारभर कार्डांचा ट्रे पायऱ्यांवर पाडला होता आणि ती पुन्हा क्रमाने लावायला दोन दिवस घेतले होते. तेव्हापासून कँटीनमध्ये मला ‘पत्तेवाला’ म्हणत.

ही गोष्ट डिसेंबर एकोणऐंशीची.

आमच्या कार्डावर वर्षासाठी एकच घर होतं. एकोणीसशे त्र्याहत्तर असेल तर नुसतं ‘तीन’, एकोणऐंशी असेल तर ‘नऊ’. जागा वाचवायची म्हणून कोणी हुशार माणसाने तसं ठरवलं होतं. आता ऐंशी साल लागणार, वर्ष होणार ‘शून्य’, आणि शून्यातून नऊ वजा करताना मशीन काय दिवे लावणार, हे दिवाळीच्या सुमारास आमच्या बापट साहेबांच्या लक्षात आलं. बापट साहेब कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, पुण्याचे, शांत माणूस. पण त्या दोन महिन्यांत त्यांचे केस आमच्यासमोर पांढरे झाले. कमिटी बसली. फळ्यावर उरलेले दिवस लिहायला लागले. रोज एकेका खात्याचे ट्रे यायचे — भांडार, उत्पादन, यंत्रं — आणि प्रत्येक कार्डावर एक जास्तीचं भोक पाडायचं: दशकाचं. सत्तरीतलं वर्ष म्हणून ‘सात’.

हे हातानं करायचं नव्हतं. त्यासाठी वेगळी मशीन होती. तिच्या पाटीवर एक तार ‘सात’च्या छिद्रात खोचायची, कार्डांचा गठ्ठा घालायचा, की सगळ्यांवर त्याच जागी सात पडून बाहेर. मग आमची एक खास तपासणी. गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करायचा आणि त्या भोकातून स्वेटर विणायची सुई घालायची. सुई आरपार गेली म्हणजे सगळी कार्डं ठीक. ही सुई माझ्या बायकोची होती आणि त्या हिवाळ्यात माझं स्वेटर एका बाहीचंच राहिलं.

शेवटचा ट्रे राहिला होता उचलायच्या सामानाचा. क्रेनला लावायच्या चेन, हूक, तारेचे दोर. प्रत्येकाचं एक कार्ड आणि त्यावर शेवटच्या तपासणीचं वर्ष. यांची दरवर्षी तपासणी व्हायलाच पाहिजे, आणि कोणाची पाळी आली ती यादी आमचा कॉम्प्युटर छापायचा.

सकाळी दहाच्या सुमाराला मी तो गठ्ठा मशीनमधून काढला, सुई घातली... आणि ती मध्येच अडली.

एका कार्डावर सातच्या जागी सहा होता. कार्ड चेन नंबर एकशे चौदाचं. मागचं-पुढचं कार्ड बघितलं, दोन्हींवर व्यवस्थित सात. आता मशीन म्हटली की एखादं कार्ड खायचीच. मी त्याची नक्कल काढली, जास्तीचं घर कोरं ठेवलं आणि ती पुन्हा मशीनमध्ये घातली. सहा. पाटी उघडून तार बघितली, सातातच होती. दाबून बसवली. नवी नक्कल, आणि या वेळी ती इतर वीसेक कोऱ्या कार्डांच्या मधोमध घातली. वीसच्या वीसवर सात. एकशे चौदावर सहा.

तुम्ही असता तर साहेबांना बोलावलं असतं. मी चहाची वेळ झाली म्हणून वैतागलो. खिशात दाढीचं अर्धं ब्लेड असायचं, त्याने सातच्या घरात भोक कापलं, सहाचं भोक कागदाच्या कपट्याने डिंक लावून बुजवलं आणि गठ्ठ्यात सारलं. सुई आरपार गेली. मी समाधानाने कँटीनला गेलो.

तिथे मामाजी भेटले. इस्तारी मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आमचं लग्न त्यांनीच जुळवलं, आणि अधूनमधून त्याबद्दल बायकोची माफी मागायचे. कारध्याला राहायचे, सायकलने यायचे. कारखान्यात ते खलाशी होते — क्रेनचा हूक खाली आला की मालाला चेन बांधणारा आणि माल हवेत असताना त्याला हात लावून चालणारा माणूस.

“काय जी जवाईबापू, तोंड काहून उतरलं?”

“काही नाही जी. एक चेन डोकं खाऊन रायली. एकशे चौदा.”

“एकशे चौदा? ते तं आमच्याच हातात हाये,” मामाजी बशीत चहा ओतत म्हणाले. “दोन वाजता मोठा जबडा उचलाचा हाये तिच्यानं. चिखल्याचा ट्रक आला ना.”

मी सहज विचारलं, “तपासायले कधी धाडली होती?”

“तुमची यादी येते, तिच्यात नंबर आला का धाडतो आमी. तिचा नंबर कधी आलाच नाई.”

“कधीच?”

“मी ते वापरून रायलो तवापासून तं नाई. गुणाची हाये बिचारी.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. हे भीतीमुळे झालं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला आधी त्या ब्लेडची आठवण झाली आणि नोकरी दिसायला लागली.

सुरक्षा खात्याच्या कपाटात जुनं रजिस्टर होतं. कार्डं झाल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं, आणि कपाटाची किल्ली मिळेपर्यंत दीड वाजला. चेन एकशे चौदा: शेवटची तपासणी एकोणीसशे एकोणसत्तर. पुढे शेरा, ‘ग्रीस लावून भांडारात ठेवली’. आणि समासात लाल पेन्सिलीची खूण, ‘कार्ड केले’, खाली सही. सही माझी.

सगळा घोळ तिथेच उभ्या उभ्या समजला. त्र्याहत्तर साली पहिली कार्डं मीच पाडली होती. एकोणसत्तरचा फक्त ‘नऊ’ घ्यायचा, तसा मी घेतला. नंतर कोणीतरी चेन भांडारातून काढून कामाला लावली. मशीन दरवर्षी चालू वर्षातून नऊ वजा करायची आणि उत्तर यायचं शून्याच्या खाली. म्हणजे तिच्या लेखी तपासणी अजून व्हायचीच होती, भविष्यात. या वर्षी तर नऊतून नऊ, नुकतीच तपासलेली! ज्या घोटाळ्याची आम्ही एक जानेवारीला वाट बघत होतो, तो या एका चेनपुरता सात वर्षं चालूच होता. दशकाच्या घरात तिला सहाच हवा होता. आणि तो सहा मी ब्लेडने मिटवला होता.

घड्याळात पावणेदोन. बापट साहेब कमिटीत, दार बंद, बाहेर बसलेला शिपाई म्हणाला, “आज कोनालेच सोडाचं नाई.” मी तसाच पळालो.

शेडमध्ये पोहोचलो तेव्हा मामाजी जाड हातमोजे घालून जबड्याला चेन गुंडाळत होते. भट्टीतून येऊन, वाळू झाडून ठेवलेला साडेतीन टनांचा काळा तुकडा.

“मामाजी, ते चेन नोका लावू!”

“काहून जी?”

“तिची तपासणी एकोनसत्तरची हाये!”

“कोन सांगते?”

रजिस्टरचं सांगायचं सोडून मी मूर्खासारखा म्हणालो, “मशीन सांगते.”

आजूबाजूचे चारही खलाशी हसले. मामाजी म्हणाले, “तुमची मशीन? अवो, मागच्या महिन्यात त्या मशीननं मले बायांच्या यादीत घातलं होतं! इस्तारीबाई म्हनून बोलावलं मले डॉक्टरनं.”

तेही कार्ड माझंच होतं, पण ते असो.

फोरमन ओरडला, “बाबू, बाजू हटो! लिखके लाओ साहब का, फिर रोकेंगे।” वर क्रेनची घंटा वाजली. हूक खाली यायला लागला. लिहून आणायला वेळ नव्हता, त्यामुळे मला सुचलं ते मी केलं. जाऊन त्या जबड्यावर बसलो. माणूस बसलेला माल कोणी उचलत नाही, एवढा नियम मलाही माहीत होता.

दुसरा नियम माहीत नव्हता. ओतीव पोलाद वरून काळं पडलं तरी आत दिवसभर धगधगत असतं.

मी सुमारे चार सेकंद बसलो. मग मी जो आवाज काढला तो ऐकून क्रेनवाल्याने क्रेन बंद केली, शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली आणि कमिटीचं दार उघडून बापट साहेबही आले. पँटचं काय झालं ते लिहीत नाही. मामाजींनी आपला पंचा दिला. तो कमरेला गुंडाळून, उभ्यानेच, मी सगळं सांगितलं. सहा, ब्लेड, डिंक, रजिस्टर.

बापट साहेबांनी एकच प्रश्न विचारला. “गजभिये, रजिस्टर तुम्ही आधी बघितलं होतं की सहा आधी पडला?”

“सहा आधी, सर.”

त्यांनी चेन सोडवायला लावली. त्याच दुपारी ती तपासणीच्या यंत्रावर ओढली. कडीवर पाच टनांचा शिक्का होता. तीन टनही झाले नाहीत, तेवढ्यात मधली एक कडी आवाज न करता उघडली... डबा उघडावा तशी. मामाजी शेजारीच उभे होते. ते वाकले, त्या उघड्या कडीत बोट घातलं आणि मला म्हणाले, “बसाले जागा नाई भेटत काय जी तुमाले कुठं?”

पुढच्या आठवड्यात मशीनचा मेकॅनिक नागपूरहून आला. तार, पाटी, भोकं पाडणाऱ्या सुऱ्या, सगळं त्याने खोललं. एकशे चौदाच्या नव्या नकला करून तासभर मशीनमधून काढल्या. सात, सात, सात. तार सैल असती तर शेजारच्या कार्डांवरही परिणाम दिसला असता, असं तोच म्हणाला. मी आधीच्या तिन्ही कार्डांकडे बोट दाखवलं. त्यावर सहा होते, एकाला डिंकही होता. त्याने ती उजेडात धरली आणि परत दिली. माझ्या मनात जुनं रजिस्टर कुठेतरी राहून गेलं असेल, असं बापट साहेबांचं म्हणणं पडलं. असेल. पण भोक माझ्या मनाने पाडलं नव्हतं. कार्डावर फक्त नऊ होता. तो कुठल्या दशकातला, हे त्या इमारतीत बंद कपाटाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

चेन कामावरून का काढली, याचं कारण कागदावर लिहिणं भाग होतं. साहेबांनी खूप विचार करून लिहिलं, ‘पंचिंगमधील चुकीमुळे लक्षात आले.’ चूक म्हटल्यावर ती कोणाची तरी असावी लागते, म्हणून मला मेमो मिळाला. मी सही केली. आयुष्यात एवढ्या आनंदाने दुसरी सही केली नाही, लग्नाच्या रजिस्टरवरही नाही.

मामाजी पुढे रिटायर झाले, कारध्याला नदीकाठी टरबुजं लावायला लागले. एकदा वाडीत बसलो असताना मी त्यांना विचारलंच, “मामाजी, तुमाले काय वाटते? तो सहा कोनं पाडला असन?”

त्यांनी टरबुजावर टिचकी मारून बघितली, पुढच्या वेलाकडे सरकले आणि मान वर न करता म्हणाले, “तुमच्याच हातून झालं असन जी. तुमच्या हातून काय होत नाई?”

मेकॅनिकला हे पटलं नसतं. मलाही पटत नाही. पण दुसरं काही मला आजतागायत सुचलेलं नाही.