पांढरकवड्यात पुरे करून घेतलेले चित्र

नागपूरहून पांढरकवड्याची पहिली एसटी धरली. मुलाचे घर श्रीमंत, कापसाच्या जिनिंग गिरणीवाल्यांचे, म्हणून मुलगी दाखवायला आम्हीच निघालो होतो. होकार-नकार मामांनी माझ्यावर सोपवला होता. नकार येईल असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. मी कबूल झाले ती एका चित्रासाठी. मुलाने पॅरिसहून इम्प्रेशनिस्ट पद्धतीचे, नुसत्या रंगांच्या फटकाऱ्यांतून उमटणारे एक निसर्गचित्र आणले होते. अशी चित्रे मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिली होती, तीही काळी-पांढरी. ज्याने ते निवडले त्याच्याशी जमेल, असे वाटले.

हिंगणघाटपुढे गाडीचे चाक बसले आणि सगळे रस्त्याकडेला उतरलो. ट्रकांनी उडवलेल्या धुळीने माझी पोपटी साडी मातकट झाली.

मुलाच्या घरी जेवणात पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचे कालवण) होता. तिखटाने माझे डोळे भरून आले. मुलाच्या आईला तो विनय वाटला.

चित्र बैठकीत होते. वर हार, जणू घरातले कुणी वारले आहे. नदी, झाडे, होडी. पण नदीला दोन्हीकडून काळी रेघ, झाडाला मोजून घ्यावीत अशी पाने, आणि होडीतल्या गोऱ्या बाईला टपोरे डोळे व कुंकू.

"जिनिंगची पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडून पुरं करून घेतलं," मुलगा कौतुकाने म्हणाला.

"कशाला?"

"अर्धवटच होतं ना! नुसते ठिपके. पाहुणे हसत."

खाली उजवीकडे वीतभर तुकडा पेंटरच्या हातून वाचला होता. मी वाकून पाहिले. जांभळा, निळा, पिवळ्याचे दोन फटकारे. जवळून नुसता रंग. मागे सरले तर पाणी हलू लागले. पुन्हा वाकले.

"इतकं जवळून काय पाहून राह्यली वं बाई? कोळ्याचं जाळं लागलं काय?" त्याची आई म्हणाली. मग मामांकडे वळून, "पोरगी लयच मुकी हाय तुमची. असू द्या. हे चित्रबी आणलं तवा असंच होतं. हिलेबी घेऊ करून आपल्यासारखी."

सगळे हसले. मामाही.

परतीच्या गाडीत मामांनी विचारले, "मग, होकार कळवू?"

"नाही."

"मुलात खोट काय आहे?"

"काही नाही. त्याला सगळं पुरं झालेलं आवडतं."



कुणाला ते चित्र पाहायचे असेल तर दिवाळीच्या आत जावे. पेंटर राहिलेला कोपराही करून देणार आहे.