राखीव जागा

कंडक्टर निवृत्त झाले तरी त्यांचे डोळे नोकरीतच राहिले. रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. बायको गेली, मुलगी लग्न होऊन गेली आणि तीन खोल्या एकदम रिकाम्या धावू लागल्या. वर्षाच्या आत त्यांनी तिन्ही खोल्यांत भाडेकरू बसवले आणि स्वतःचा दिवाण हॉलमध्ये दाराजवळ टाकला. चढणारा-उतरणारा नजरेखालून जावा, एवढाच हेतू. सकाळी बाथरूमबाहेर त्यांचा आवाज घुमे, "आटपा हो, मागे रांग आहे!" भाडेकरू निमूटपणे आटपत. या आवाजासमोर भलेभले आटपले होते.

एका दुपारी मुलगी परत आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात इस्त्री.

"इस्त्री माझी होती," ती म्हणाली. आपल्या संसाराबद्दल तिने केलेलं हे एकमेव निवेदन.

तिच्या खोलीत पंख्यांचा विक्रेता राहत होता. माणूस भला. त्याने आपणहून विषय काढला, "काका, मी मित्राकडे सोय बघतो. ताईंना खोली द्या."

"बसा खाली. भाडं भरलेल्या माणसाला मी जन्मात उठवलेलं नाही. मोठ्या साहेबाचा मेहुणा चढला होता एकदा, त्यालाही उभा नेला."

"अहो, पण ही तुमची मुलगी!"

"म्हणूनच. घरचं माणूस आलं म्हणून उठवायला लागलो, तर उद्या कोण विश्वास ठेवील माझ्यावर?"

स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली, "राहू द्या हो दादा. मला उभ्याने जायची सवय आहे."

कंडक्टर मनापासून हसले. पोरीला विनोद बरा जमतो, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर माणसं पारखलेल्या या गृहस्थाची चूक झाली ती इथे.

हॉलमध्ये पडदा लावून तिची सोय झाली. येता-जाता भाडेकरू सभ्यपणे खाकरत. तो सभ्यपणाच तिला सोसेना. सगळ्यांच्या आधी उठून ती अंथरूण गुंडाळून ठेवी, जणू रात्री तिथे कोणी नव्हतंच. महिना संपायच्या आत तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची खोली घेतली. जाताना इस्त्री न्यायला विसरली नाही.

पुढे पंखेवाल्याची बदली झाली. कंडक्टरांनी ती खोली स्वतः घासून पुसून काढली, खिडकीच्या कडीला तेल घातलं, इस्त्रीसाठी एक टेबलही आणलं आणि ते तिला न्यायला गेले.

"चल घरी. तुझी खोली रिकामी झाली."

ती ब्लाउजच्या बाहीवर इस्त्री फिरवत राहिली. "मी भाडं भरलंय, बाबा. इथून मला कोणी उठवत नाही."

"आपल्या घरातून कोण उठवणार होतं तुला?"

"कोणीच नाही. पण बसवलं होतं कुठे?"

बाहेर घरमालकीण खाकरली. पाहुण्यांची वेळ संपल्याची ती खूण कंडक्टरांना सांगावी लागली नाही. ते उठले.

अजूनही खोली आहे का विचारायला माणसं येतात. "राखीव आहे," कंडक्टर सांगतात. नोकरीत असताना राखीव जागेवरचा प्रवासी वेळेवर आला नाही, तर पुढच्याच थांब्यावर ती जागा ते उभ्या माणसाला देत. त्या बाबतीत कुणाची गय नसे. परवा एकाने विचारलं, ज्यांची जागा आहे ते येणार तरी कधी?

"गाडी अजून सुटलेली नाही," कंडक्टर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.