चार वाजल्यानंतरचा पास

आमचे मालक कशाने बुडाले, हे लोक मला अजून विचारतात, आणि उत्तर मात्र त्यांचं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. कुणी म्हणतो दारूने, कुणी म्हणतो बाईने, शहाणा असेल तो म्हणतो बोलपटाने. मालक स्वतः शेवटपर्यंत 'सरकारने खाल्लं' म्हणत राहिले. ज्याच्या एका पदासाठी अर्धा खानदेश गाड्या जुंपून यायचा, अशा नटाला इन्कमटॅक्सवाल्यांनी भिकेला लावलं, ही कहाणी सांगायलाही बरी वाटते. मी त्यांच्या संगीत नाटक कंपनीत सात वर्षं मॅनेजर होतो. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही. ते बुडाले ते रिकाम्या खुर्चीच्या भीतीने.

त्याआधी मी पहूरच्या शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं आणि भाषा फुगवून लिहायची खोड, म्हणून मालकांनी मला उचललं. हँडबिलं लिहिणं हे माझं मुख्य काम. 'काल शेकडो रसिकांना जागेअभावी परत जावं लागलं' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं, की छापखानेवाल्याने त्याचे खिळे सोडवणंच बंद केलं; ती ओळ तशीच जुळवून ठेवायचा. परत गेलेलं मी एक कुत्रं तेवढं पाहिलं, तेही हाकलल्यावर.

जळगावात आमचा मुक्काम कापसाच्या हंगामात असायचा, कारण तेव्हा गावात पैसा असतो. रोज दुपारी चार वाजता मालक मला बोलावून तिकिटं किती गेली ते विचारायचे. आकडा ऐकला की तोंड कडू व्हायचं. मग म्हणायचे, "मास्तर, पास वाटा." फुकट पासांचा गठ्ठा घेऊन मी बाजारात निघायचो. वकील, डॉक्टर, अडते, कापसाच्या जिनातले मुनीम आणि या सगळ्यांचे मेव्हणे. खेळाच्या वेळी थिएटर गच्च. मालक पडद्याच्या भोकातून बघायचे, आणि मग त्यांचा गळा असा लागायचा की काय सांगावं. गाणं खोटं नव्हतं, एवढं मी आजही कबूल करतो.

पण जळगावकर काही दुधखुळे नव्हते. पंधरा दिवसांत त्यांना कळलं की सकाळी तिकीट काढतो तो मूर्ख आणि चार वाजता बाजारातल्या ओट्यावर येऊन बसतो तो शहाणा. ज्यांच्या तिजोरीत पैसा मावत नव्हता असे शेठसुद्धा टोपी घालून ओट्यावर बसायचे आणि मी दिसलो की पानाचा डबा पुढे करायचे. पासाने तिकीट मारलं, आणि तिकीट मेलं म्हणून पास वाढले. हे मी मालकांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "रिकाम्या खुर्च्यांपुढे गायला मी काय भजनी आहे?" भजनी रिकाम्या देवळातही गातो, आणि जीव ओतून गातो. पण हे मी बोललो नाही. पगार खाणारा माणूस असं बोलत नाही.

मग धुळ्याहून इन्कमटॅक्सची नोटीस आली. मालकांनी ती उघडली, मिळकतीचा आकडा वाचला आणि खूश झाले. खरोखर खूश झाले. पेटीवाल्याला हाक मारून म्हणाले, "बघ, सरकार आपली कमाई केवढी धरतं." कर त्याच आकड्यावर भरायचा आहे, हे त्यांच्या डोक्यात संध्याकाळी शिरलं. हातात पैसा नव्हता. होता तो शालींत, अत्तरात आणि कधी चालू न होणाऱ्या एका मोटारीत गेला होता.

चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्याला गेलो. करखात्याचा साहेब तरुण होता, आपलाच मराठी माणूस. त्याने टेबलावर माझी हँडबिलं मांडून ठेवली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"भाषा चांगली आहे," तो म्हणाला, आणि मी तेवढ्यातही सुखावलो. मी असा माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो.

मग त्याने हिशेब सांगितला. खुर्च्या, तिकिटाचा दर आणि झालेले खेळ, यांचा सरळ गुणाकार. "शेकडो लोक परत गेले असं तुम्हीच लिहिता. मी त्यांना धरलंसुद्धा नाही. शिवाय मी स्वतः जळगावला येऊन पाहिलंय. पाय ठेवायला जागा नव्हती."

"साहेब," मी म्हणालो, "आपण पासावर आला होतात. आपल्या घरची सात माणसं होती. मागची रांग पासावर, पुढचीही पासावर."

साहेब कानापर्यंत लाल झाला. माणूस सज्जन असावा. थोडा वेळ कागद खालीवर करून म्हणाला, "असं असेल तर लिहून द्या. कोणत्या खेळाला तिकिटं किती, पास किती. खाली मालकांची सही. सोमवारपर्यंत आणा, मी आकडा उतरवतो." मी उठलो तेव्हा त्याने पुढे सांगितलं, "मालक देत नसतील तर हँडबिलं लिहिणाऱ्याची सही चालेल. म्हणजे तुमची."

एका सहीचं काम होतं. ती झाली तर कंपनी तरत होती. नाही झाली तर पडदे, कपडे, भांडी सगळं जप्त होऊन चाळीस माणसं रस्त्यावर येणार होती. फाडलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे दारावरच्या पेटीत पडून होते. ते मोजून मी कागद तयार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अंगाला तेल लावून घेत होते. मी वाचायला लागलो. शनिवारच्या खेळाला एकशे अकरा तिकिटं, तीनशे पास. त्यांनी तेल लावणाऱ्याला बाहेर पाठवलं.

"हा कागद कोण वाचणार?"

"साहेब."

"आणि त्याचा कारकून. आणि कारकुनाची बायको. उद्या धुळ्याचा न्हावीसुद्धा सांगत सुटेल, की माझ्या गाण्याला एकशे अकरा माणसं येतात."

"मालक, नाहीतर जप्ती येईल."

"जप्ती मोठ्यांच्याच घरी येते," ते म्हणाले. "भिकाऱ्याच्या दारात कोण आणतं?" आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

मला त्या माणसाची किळस आली. चाळीस माणसं एका पारड्यात आणि कारकुनाची बायको काय म्हणेल हे दुसऱ्यात, आणि कारकुनाची बायको जड. मोठेपण म्हणतात ते याला. न कमावलेल्या पैशावरचा कर त्यांना परवडत होता, न आलेल्या माणसांची कबुली परवडत नव्हती.

आमचा आचारी धुळ्याकडच्या खेड्यातला, वयाने सगळ्यांत मोठा. सगळे त्याला आबा म्हणायचे. मी चुलीपाशी जाऊन घडलेलं सगळं त्याला सांगितलं. तो तांदूळ निवडत ऐकत होता.

"भाऊ, मालक सही नही करतस तं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "लिखनारा तं तुम्ही शेतस. तुम्हीच सही करा. बठ्ठासना पोटना सवाल शे."

सगळ्यांच्या पोटाचा सवाल आहे, हे मलाही कळत होतं. मी म्हणालो, बघतो. बघायचं काय होतं? कागद माझ्या खिशात होता आणि दौत माझ्या टेबलावर. पण त्याच रविवारी गावातल्या वाचनालयाने मला 'लेखक' म्हणून दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि सोमवारी मी सही करून सांगणार होतो की मी लिहिलं ते अक्षर न् अक्षर थाप आहे. रविवारी मी भाषण केलं, टाळ्या घेतल्या, नारळ घेतला. सोमवारी मला ताप आला. खरा ताप नव्हता; कागद खिशातच राहिला.

लिलाव जळगावातच, आमच्या थिएटरपुढच्या मोकळ्या जागेत झाला. मालक जरीचा फेटा बांधून, अत्तर लावून खुर्चीवर येऊन बसले. मला वाटलं होतं तोंड लपवतील. गर्दीतून कुणीतरी एखादं पद म्हणा म्हणालं, तर उठून त्यांनी ते म्हटलं, आणि बोली पुकारणारा हात वर धरून तसाच थांबला. लोकांनी वन्समोअर दिला. पासवाले सगळे हजर होते, आणि आज त्यांच्या खिशात पैसे होते. दरबाराचा पडदा असोद्याच्या एका शेतकऱ्याने कापूस झाकायला घेतला. आबाचा भाताचा हंडा हलवायाकडे गेला.

"मास्तर, गर्दी बघितलीत?" मालक माझ्या कानाशी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

"बघितली, मालक."

आबा गाठोडं काखेत मारून निघाला होता. जाताना माझ्यापुढे थांबला.

"आज पास नही वाटा, भाऊ," तो म्हणाला, "तरी बठ्ठं गाव उनं."

पास न वाटताच सगळं गाव आलं होतं. मालक शेजारीच होते. पण तो बघत होता माझ्याकडे.