मांडी एकही नाही

माझ्या नातीने एका मुलीचं बोट पकडलं. त्या मुलीने वर्गाच्या बाईंकडे पाहिलं, बोट सोडवलं आणि फ्रॉकला पुसलं. नात सात महिन्यांची. ती हसतच होती.

पोलादपूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत महिन्यातून एकदा तिसरीच्या वर्गात तान्हं बाळ नेतात. मुलांनी त्याला जवळ घ्यावं, ते का रडतंय ते ओळखावं, दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायला शिकावं, म्हणून. मी अंगणवाडी सेविका. काटा नेते, वजन करते, मुलं ते तक्त्यावर लिहितात. गेल्या वर्षी दुकानदाराचं बाळ होतं. पहिल्याच दिवशी चोवीस मांड्यांवर फिरलं. पट सव्वीसचा, दोन मुलं गैरहजर होती. यंदा माझी नात. आम्ही बौद्धवाडीतले. तीन महिने झाले, मांडी एकही नाही.

पहिल्या वेळी बाई म्हणाल्या, "मुलांनो, लांबूनच बघा. बघूनही कळतं." दुसऱ्या वेळी म्हणाल्या, बाळाला सर्दी होईल. मी ऐकून घेतलं. वजन तेवढं सांगितलं. सहा किलो सातशे.

तिसऱ्या वेळी ते बोट. वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, उद्या साहेब येतायत. फोटोपुरतं दोघीतिघींच्या मांडीवर देऊ."

"नाय."

"उगाच मनाला लावून घेता. मुलं लहान आहेत."

"माझी नात त्यांच्याहून लहान हाय."

नातीला उचललं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरं बाळ आणलं. फोटो छान आला म्हणे.

सून म्हणाली, "आई, तक्रार करा." कसली करू? कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. अर्जात लिहायला एक ओळ सापडेना. गावात शाळा एकच. पाच वर्षांनी नातीला तिथेच घालायचं आहे.

त्या पोरीला मी दोष देत नाही. अंगणवाडीत काही आया बाळ स्वतःच काट्याच्या झोळीत ठेवतात, स्वतःच काढतात. मला म्हणतात, "ताई, तुमी फक्त आकडा बघा." तिची आईही त्यांतलीच. अकरा वर्षं मी फक्त आकडा बघितला.

सोमवारी वजनं आहेत. प्रत्येक बाळ मी माझ्या हातांनी उचलणार. जी नको म्हणेल, तिने कारण सगळ्यांसमोर बोलावं. ती बोलेपर्यंत मी हात पुढे करून उभी राहणार.