सनदेची तारीख

बसवनगुडीतले आमचे शेजारी जयतीर्थअण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर फायली उपसायच्या, संध्याकाळी लॉ कॉलेज, आणि घरी आल्यावर बायकोसमोर खोटा खटला चालवायचा. चपात्या लाटता लाटता वसुमतीअक्का न्यायाधीश व्हायच्या.

चौसष्ट साली वकिलीची शेवटची परीक्षाही अण्णा पास झाले. पण पगारी नोकरी असेपर्यंत सनद मिळत नाही. आधी राजीनामा द्यावा लागतो.

"देऊ का?" अण्णांनी विचारलं.

लाटणं न थांबवता अक्का न्यायाधीशाच्या सुरात म्हणाल्या, "पद्माचं लग्न होऊ दे. पुढची तारीख."

लेकीचं लग्न झालं. मग धाकट्या मुलाचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण. अक्का तारखा देत गेल्या, अण्णा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून कचेरीत जात राहिले. हौसेनं शिवलेला काळा कोट खुंटीवर विटला. मला त्या बाईचा भयंकर राग यायचा.

एकोणसत्तरमध्ये अण्णा निवृत्त झाले. त्या संध्याकाळी माझ्यादेखत अक्कांनी कोट इस्त्री करून त्यांच्यापुढे ठेवला. "आता कसली अडचण नाही. उद्याच सनदेचं बघा."

अण्णांनी कोटावरून हात फिरवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"स्वल्प थांब, वसू," ते म्हणाले. "या वेळी तारीख मी मागतो."