पडदेताई मोटारसायकल घेतात

पडदेताईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता घरातही उरलं नव्हतं. खिडकीचं माप घ्यायचं, कापड निवडून द्यायचं, पडदे शिवायचे आणि शिडीवर चढून दांडीसकट टांगून द्यायचे, हे सगळं त्या एकट्या करत. पन्नाशी ओलांडली होती, पण त्या शिडीवर चढल्या की चक्कर यायची ती खाली उभ्या असलेल्या घरमालकिणीला. तोंडानं फटकळ, हातानं चोख. कुणी म्हणालं, "पडदा जरा लांबच ठेवा, जमिनीवर लोळला की छान दिसतो," तर त्या म्हणत, "लोळवते की. झाडू मारायला मात्र मला बोलवू नका."

काम भरपूर होतं. घोडं अडत होतं ते सामान नेण्यात. पडद्याच्या दांड्या माणसापेक्षा उंच, आणि पडदेताई त्या बसमधून नेत. एके दिवशी दांडीचं टोक नेमकं घंटीच्या बटणावर टेकलं. बस जरा हादरली की घंटी वाजे. ड्रायव्हर बिचारा प्रत्येक थांब्यावर थांबतोय, दार उघडतोय, आणि उतरायला चिटपाखरू नाही. शेवटी तो उठून मागे आला. आधी दांडीकडे पाहिलं, मग पडदेताईंकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, आता एक तर ही उतरेल, नाही तर मी."

पडदेताई उतरल्या. उरलेली वाट त्यांनी भर उन्हात, खांद्यावर दांड्या घेऊन तुडवली आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. मोटारसायकल घ्यायची.

स्कूटर नाही, मोटारसायकलच. तिच्या कडेला लोखंडी पट्ट्या लावल्या की दांड्या लांबच्या लांब बांधता येतात. चालवायचा प्रश्नच नव्हता. तरुणपणी थोरला भाऊ दुपारी झोपला की त्या त्याची गाडी आवाज न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेत आणि मग किक मारत. भावाला पत्ता लागला तोवर त्या त्याच्यापेक्षा बऱ्या चालवायला लागल्या होत्या. परवानाही काढला होता, आणि लग्नानंतर गाडीला हात लागला नाही तरी त्याची मुदत त्यांनी कधी संपू दिली नव्हती.

नवरा छापखान्यात कामाला होता, स्वभावानं शांत. त्यानं एवढंच विचारलं, "अगं, या वयात?"

"मग कुठल्या वयात? पुढच्या जन्मी?"

नवऱ्यानं पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. धाकटा दीर मात्र असा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो विम्याच्या कचेरीत होता आणि जगातल्या सगळ्या धोक्यांची त्याच्याशी जुनी ओळख होती. "वहिनी, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं," तो म्हणाला. पण नवी परवडत नव्हती, त्यामुळे त्याचा सल्ला तसाच लोंबकळत राहिला.

किराणा दुकानाच्या दारावर एक जाहिरात चिकटवलेली होती. 'मोटारसायकल विकणे आहे. जिवापाड सांभाळलेली. फालतू चौकशी नको.' शेवटचं वाक्य पडदेताईंना फार आवडलं.

विकणारा शाळेत खेळाचा शिक्षक होता. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळी आळी त्याला शिट्टीसर म्हणायची. बायकोचे दिवस भरत आले होते आणि घरात आता बाळ येणार, तर मोटारसायकल काय कामाची, असं तिचं म्हणणं. सरांना ते पटलेलं होतं, फक्त सोसत नव्हतं. त्यांनी गाडी दाखवली ती एखाद्यानं घरची लाडकी लेक दाखवावी तशी. टाकीवर बोट ठेवायच्या आधी स्वतःचा हात रुमालाला पुसला.

"एक चक्कर मारून येऊ?" पडदेताईंनी विचारलं.

"या की," सर म्हणाले आणि कोपऱ्यापर्यंत गाडीच्या मागे पळत आले.

इतक्या वर्षांनी पायाला गिअर सापडला आणि पडदेताईंच्या अंगावर शहारा आला. इंजिनाचा आवाज कसा, पोट भरलेल्या मांजरासारखा. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता की सौदा झाला. तेवढ्यात दारात उभी असलेली सरांची बायको म्हणाली, "अहो, त्यांना कर्जाचं सांगितलंत का?"

सरांनी शिट्टीशी चाळा सुरू केला. "सांगणारच होतो. तसं फार नाही राहिलेलं. थोडे हप्ते. म्हणजे कागदावर अजून बँकेचं नाव आहे. पण ताई, तुम्ही पैसे दिलेत की मी लगेच फेडून टाकतो!"

पडदेताई गाडीवरून खाली उतरल्या. "म्हणजे सर, गाडी अजून तुमची नाहीच."

"चालवतो तर मीच!"

"चालवता तुम्ही. पण उद्या तुमचा हप्ता चुकला, तर बँकेची माणसं ती माझ्या दारातून ओढून नेतील. मी दांड्या घेऊन परत बसमध्ये."

सरांचा चेहरा पडला. बायको हळूच म्हणाली, "म्हणूनच म्हटलं, आधी सांगा." त्या एका वाक्यावर पडदेताईंचा जीव जडला. ज्या घरात असं बोलणारं माणूस आहे, तिथे फसवाफसवी होणार नाही असं त्यांना वाटलं.

घरी दिरानं कपाळाला हात लावला. "वहिनी, कर्जातली गाडी? माझ्या ओळखीत एकानं असेच पैसे दिले. विकणारा पैसे घेऊन पसार, गाडी बँकेत, आणि हा अजून चालतोय पायी!"

"पण मी सरांच्या हातात पैसे देणारच नाही," पडदेताई म्हणाल्या. "त्यांना घेऊन बँकेत जायचं. नेमकं किती राहिलंय ते बँकेकडून लिहून घ्यायचं आणि तेवढे खिडकीवर त्यांच्या कर्जखात्यात भरून पावती घ्यायची. बँकेचा ना हरकत दाखला आला आणि गाडी माझ्या नावावर झाली, की मग सरांचे उरलेले. तोवर गाडी त्यांच्याकडे, एक किल्ली माझ्याकडे."

दिरानं बराच वेळ चूक शोधली. सापडली नाही. "तेच मी म्हणणार होतो," तो म्हणाला.

बँकेतली बाई चष्म्यावरून दोघांकडे पाहू लागली. "तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही."

"मग यांचं कर्ज तुम्ही का फेडताय?"

"यांची गाडी आवडली म्हणून."

बाईंनी पावतीवर शिक्का मारला आणि सुस्कारा सोडला. "माझं घर आवडतंय का बघा हो कुणाला. त्यावरही कर्ज आहे."

दाखला सरांच्या पत्त्यावर टपालानं येणार होता. सर रोज फोन करून सांगत, "आज नाही आला, ताई." आणि मग एक दिवस फोनच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पडदेताईंनी लावला तर बंद. दिराला सुगावा लागला आणि तो मान हलवत म्हणाला, "झालं, वहिनी. शिट्टी वाजली!"

पडदेताईंनी ते हसण्यावारी नेलं खरं. भरलेले पैसे म्हणजे किती खिडक्यांचे पडदे, ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्यांनी शिवणयंत्रावर कापड ठेवलं, तर शिवण वाकडी गेली. असं कधी होत नसे. त्या तशाच उठल्या आणि सरांच्या घरी गेल्या.

घराला कुलूप. आणि जिथे गाडी उभी असायची, तिथे फक्त तेलाचा डाग.

पडदेताईंनी कुलूप ओढून पाहिलं. त्या डागाकडे बघत उभ्या होत्या, तोच शेजारच्या आजोबांनी खिडकीतून डोकं काढलं. "सरांकडे का? बायकोला वेळेआधीच कळा लागल्या हो. पळापळ नुसती! दवाखान्यातच आहेत तेव्हापासून."

"आणि गाडी?" तोंडातून निघून गेलं आणि पडदेताईंना स्वतःचीच लाज वाटली.

"गाडी आत आहे," आजोबा म्हणाले. "बायको टॅक्सीत बसलेली, आणि हा गाडी उंबऱ्यावरून आत ढकलतोय! ओरडलो मी त्याला. तर म्हणतो, ताईंची गाडी आहे, किती दिवस घर बंद राहील कोण जाणे, बाहेर कशी सोडू?"

पडदेताईंनी खिडकीच्या काचेला नाक लावलं. पडदा वीतभर आखूड होता आणि वाकडा टांगलेला. एरवी त्यांनी त्यावर दोन वाक्यं ऐकवली असती. त्या फटीतून आतलं सगळं दिसत होतं. सोफा भिंतीला सरकवलेला, एका बाजूला नवाकोरा पाळणा, आणि मधोमध त्यांची मोटारसायकल. अंगावर फुलाफुलांची चादर पांघरून उभी. पडदेताईंना आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले, आणि मग एकदम आठवलं की दवाखान्यात रिकाम्या हातानं जाता येत नाही.

वाटेत फळं घेऊन त्या पोचल्या. शिट्टीसर बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. चाहूल लागताच धडपडून उठले. "ताई! फोन... चार्जर घरीच राहिला. दाखला अजून... मी बघितलंच नाही..."

"दाखला राहू द्या हो. काय झालं?"

"मुलगी!" सरांचं तोंड फुलून आलं. "वजनाला जरा कमी आहे म्हणून ठेवून घेतलंय. पण आवाज काय आहे, ताई! मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल."

आत त्यांची बायको थकून पडली होती, पण हुशारीत होती. मदतीला यायचं ते माहेर दूर होतं आणि सर तिला सोडून हलायला तयार नव्हते. पडदेताईंनी पदर खोचला. घराची किल्ली मागून घेतली.

"आणि गाडी घेऊनच फिरा," सर म्हणाले. "किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

अशी पडदेताईंची नव्या गाडीवरची पहिली फेरी पडद्यांची झालीच नाही. मागे धुतलेले कपडे आणि गरम सूपचा डबा बांधून त्या दवाखान्यात ये-जा करत राहिल्या. टपालपेटीत दाखलाही सापडला, विजेचं बिल आणि चपलांच्या दुकानाची जाहिरात यांच्यामध्ये चिमटून बसलेला.

बाळ घरी आलं, चांगलं बाळसं धरू लागलं, तेव्हा सगळे मिळून वाहन नोंदणीच्या कचेरीत गेले. कागदावरून बँकेचं नाव उतरलं आणि पडदेताईंचं चढलं, तेही खरंखुरं. उरलेले पैसे त्यांनी तिथेच सरांच्या बायकोच्या हातात ठेवले. सही करताना सरांनी डोळे पुसले.

"मुलगी झाली तेव्हासुद्धा एवढे रडला नव्हतात!" बायको म्हणाली.

"तेव्हा घाबरलो होतो," सर म्हणाले.

आता पडदेताईंकडे कामं दूरदूरची येतात आणि एका दिवसात दोन घरं सहज होतात. सरांच्या घरचे पडदे त्यांनी नवे शिवून दिले आणि शिलाई घ्यायला चक्क नकार दिला. सरांनी मग दुसरीच परतफेड काढली. शाळेचं मैदान रविवारी सकाळी रिकामं असतं, त्याची परवानगी त्यांनी मिळवून दिली. पडदेताईंच्या धाकट्या जाऊबाईंनाही गाडी शिकायचीय, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी जाऊबाई गाडीवर, मागे पडदेताई, आणि कडेनं पळणारे दीर. "क्लच! अगं क्लच! समोर बघ! वहिनी, ती झाडाकडे चाललीय!"

"झाड लांब आहे, भावजी," पडदेताई मागे वळून ओरडतात. "तुम्ही पाण्याची बाटली धरा आणि सावलीत बसा बघू!"

आणि जाऊबाई दुसरा गिअर टाकतात.